भंडाऱ्यात वीज कंपनी बदलता येते का?
सिम बदलतो तशी वीज कंपनी बदलता येईल का, असं पवनीच्या एका मित्रानं विचारलं. घरगुती मीटर असेल तर नाही; आपल्याकडे महावितरण एकच. मुंबई उपनगरात मात्र टाटा की अदानी हे ग्राहक ठरवतो, आणि गंमत म्हणजे टाटाची वीज अदानीच्या तारांतूनही घरी येते! 2003 च्या वीज कायद्यानं 'ओपन अ‍ॅक्सेस', म्हणजे त्याच तारांतून दुसऱ्याची वीज घेण्याची मुभा, आणला, पण 1 मेगावॅटच्या पुढच्या ग्राहकांसाठी. 2022 च्या नियमांनी हरित विजेपुरती ही अट 100 किलोवॅटवर आली. म्हणजे आपल्या राइस मिलवाल्यांनाही संधी आहे. फक्त वहन आकार (तारांचं भाडं) आणि क्रॉस सबसिडी अधिभार (महावितरणला द्यायची भरपाई) धरून हिशेब करा, नुसत्या युनिटच्या दराला भुलू नका. घरासाठी पर्याय छतावरच्या सौर विजेचाच: पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. आधी बिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' बघा; कोणती अट लागू होते ते त्यावरून कळेल.