कढीलिंबाच्या नावातील कोनिग

फोडणीतील कढीलिंबाला आमच्या कोकणी घरी ‘करबेव’ म्हणतात. येथे हैद्राबादेत शेजारच्या तेलुगू भगिनी त्यालाच ‘करिवेपाकु’ म्हणतात. परंतु ‘बर्गेरा कोनिगी’ या त्याच्या शास्त्रीय नावात एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची स्मृती दडलेली आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

योहान गेरहार्ड कोनिग यांचा जन्म १७२८ साली लिव्होनियातील जर्मन समाजात झाला. स्वीडनमध्ये थोर लिनियसपाशी त्यांनी वनस्पतिविद्येचे धडे घेतले. १७६८ मध्ये ते मिशनचे वैद्य म्हणून तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले. रुग्णसेवेतून उसंत मिळताच रानेवने धुंडाळावी, वनस्पती सुकवून युरोपला पाठवाव्या, हा त्यांचा क्रम. १७७१ मध्ये लिनियसने कढीलिंबाला या शिष्याचे नाव दिले.

मिशनच्या वेतनात संशोधनाचा प्रवास भागेना. म्हणून १७७४ मध्ये त्यांनी अर्काटच्या नबाबाची चाकरी पत्करली. १७७८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निसर्गशास्त्रज्ञ नेमले व ते सयाम-मलाक्कापर्यंत हिंडले. १७८५ मध्ये काकिनाड्यानजीक आमांशाने त्यांचा अंत झाला. त्यांची हस्तलिखिते लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे गेली.

विद्यार्थिमित्रांनो, कोनिग यांनी धन जोडले नाही, निरीक्षण जोडले. उद्या फोडणीचा सुवास दरवळला, की ते हिरवे पान क्षणभर न्याहाळून पाहा, एवढेच आमचे सांगणे.