निमित्त आणि कार्य : मुंबईतील समाजकेंद्रांच्या कार्यपद्धतीचा विचार

कोणत्याही समाजकेंद्राचा वार्षिक अहवाल उघडला, तर त्यात वाचनालय, व्यायामशाळा, शिवणवर्ग, बालवाडी, कॅरमचे सामने, सहली अशा उपक्रमांची नामावली आढळते. ती वाचून जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. ज्या घरातील कमावता पुरुष क्षयाने अंथरुणास खिळला आहे, अथवा ज्या मुलाने शाळा सोडून रस्ता धरला आहे, त्यांना कॅरमच्या पटाचा उपयोग काय? प्रस्तुत लेखात या शंकेचाच विचार करावयाचा आहे. केंद्राच्या उपक्रमांत ‘निमित्त’ कोणते व ‘कार्य’ कोणते हा भेद ध्यानात घेतल्यावाचून या संस्थेचे मर्म कळत नाही, असे आमचे मत आहे.

या संस्थेचा उगम सर्वश्रुत आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ साली टॉयन्बी हॉल स्थापन केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागो येथे हल हाउस सुरू केले. तेथील एक प्रयोग येथे मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. वस्तीतील कामकरी कुटुंबांना स्वस्त व पौष्टिक अन्न मिळावे म्हणून शास्त्रीय पद्धतीने चालणारे एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढण्यात आले. परंतु शेजाऱ्यांनी त्याकडे जवळजवळ पाठच फिरविली, कारण त्यांना आपापल्या देशचे, आपल्या जिभेचे अन्न हवे होते. गरजेचे निदान अचूक असूनही निमित्त चुकले, म्हणजे कार्य उभे राहत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

त्याच शिकागोच्या विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले आणि लवकरच नागपाडा येथे ‘नेबरहुड हाउस’ या शेजारकेंद्राची स्थापना झाली. नागपाड्यात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू असे नाना धर्मांचे व नाना भाषांचे लोक दाटीवाटीने राहत. अशा ठिकाणी धर्मप्रसाराचा किंचितही वास आला असता, तर केंद्राचे दार ओस पडले असते. केंद्राची कसोटी ‘शेजारी’ हीच राहिली. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले ते याच वास्तूत, मॅन्शार्ट यांच्याच संचालकत्वाखाली. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. आपल्याकडील समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पाळणा एका वस्तीकेंद्रात हलला, ही गोष्ट देवनारच्या प्रशस्त आवारात शिकणाऱ्यांनाही ठाऊक असावी. नागपाड्याच्या मैदानांनी पुढे देशाला नामांकित बास्केटबॉलपटू दिले; भारतीय संघाचे कर्णधार व १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे त्यांपैकीच एक.

आता निमित्ताचे कार्यात रूपांतर कसे होते ते पाहू. चेंडू खेळावयास येणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा केंद्राकडे काहीच मागत नाही. त्याचे नाव हजेरीवहीत चढते, एवढेच. सहा महिने नियमाने येणारा हा मुलगा एका आठवड्यात दिसेनासा होतो, तेव्हा त्याच्या घरी जाण्यास कार्यकर्त्याला सबळ कारण मिळते. ‘तुमच्या घरी अडचण आहे असे ऐकले’ असे म्हणत कोणी परका उंबरठ्यावर उभा राहिला, तर स्वाभिमानी माणूस त्याला चहा पाजून वाटेला लावील. परंतु ‘मुलगा खेळायला का येत नाही?’ या प्रश्नाला कोणतीही आई उत्तर देते, आणि त्या उत्तरातून बापाचा आजार, थकलेले भाडे, मुलाला हॉटेलात कामाला लावल्याची हकीकत हे सारे क्रमाक्रमाने बाहेर पडते. मग रुग्णालयाची चिठ्ठी, शाळेची फी, रेशनपत्रिकेचा अर्ज असे खरे साह्य सुरू होते. पाठ्यपुस्तके ज्यास गटकार्य म्हणतात त्यातून व्यक्तिसहाय्य कार्य येथे निपजते. या दोहोंचे तास महाविद्यालयात स्वतंत्र भरतात, वस्तीत भरत नाहीत.

याची तुलना सक्तीच्या संस्थांशी करून पाहावी. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलांसाठी निवासी व्यवस्था उभी राहिली. ती आवश्यकच होती. परंतु तेथे प्रवेश करतानाच मुलावर एक शिक्का बसतो. केंद्राच्या दारातून शंभर मुले आत येतात. त्यांतील अडचणीतली दहा कोणती हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. हे न कळणे हेच त्या दहा जणांचे संरक्षण असते.

गिरणगावाची कथा थोडी निराळी आहे. तेथे पहिले निमित्त होते ते जागेचे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसे, त्यांतही पाळीवरून परतून झोपलेला कोणीतरी असावयाचाच. अशा घरात मॅट्रिकचा अभ्यास करणे ही बुद्धीपेक्षा भूमितीची अडचण होती! ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने व सहकारी पतपेढ्या चालविल्या. परळचे दामोदर हॉल मराठी रसिकांना नाटकांमुळे परिचित आहे, पण ते मूलतः याच लीगच्या कार्याचा भाग होते. दिव्याखालचे एक बाक आणि दोन तासांची शांतता एवढ्या भांडवलावर किती मुले कारकुनीपर्यंत अथवा त्याही पुढे पोहोचली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पतपेढीचे महत्त्व खानावळवाल्या बायकांच्या उदाहरणावरून चांगले समजते. कोकणातून वा घाटावरून एकट्याने आलेल्या कामगाराला या बाया महिनाभर उधारीवर जेवू घालीत. पगार लांबला की किराण्याचे देणे भागविण्यास त्यांना सावकाराचे दार धरावे लागे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि गटातील बायकांनी परस्परांची हमी घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळविले. हमी म्हणून मालमत्ता नव्हती, शेजारीण होती. ओळखीचे असे पतीत रूपांतर होणे ही केंद्राची एरवी अदृश्य राहणारी मिळकत होय.

शासनही या क्षेत्रात उतरले. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमाने कामगारांकडून वसूल झालेले दंड, न वाटलेले वेतन इत्यादींतून कल्याणनिधी उभारण्याची योजना केली. न वाटलेल्या वेतनासंबंधीची तरतूद सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही व पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आज कामगार, मालक व शासन यांच्या सहामाही वर्गणीवर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे चालतात. व्यवस्था स्थिर आहे. तिने शिवणवर्ग व शिशुमंदिरे चालविली, नाट्यस्पर्धांतून नटही घडविले. तथापि तिच्या रचनेत एक उणीव आहे. तिचा पाया वर्गणीचा, वर्गणीचा पाया नोकरीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला व सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले. त्यांतील पुष्कळांचे नाव हजेरीपटावर पुन्हा कधी चढलेच नाही. ज्या क्षणी कुटुंबाची गरज सर्वांत तीव्र झाली, नेमक्या त्याच क्षणी त्याचे निधीशी असलेले कायदेशीर नाते क्षीण झाले. मुलांनी शाळा सोडल्या, बायका पोळीभाजीचे डबे व घरकामे करू लागल्या. कामगाराच्या नात्याने कुटुंबाला ओळखणारे केंद्र आणि शेजाऱ्याच्या नात्याने ओळखणारे केंद्र यांतील अंतर अशा वेळी उघडे पडते. आम्हांस नागपाड्याची कसोटी अधिक टिकाऊ वाटते ती यासाठी.

मात्र शेजारकेंद्राचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. जो आत येतो त्याच्यापुरतेच त्याचे साह्य असते. मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरीच राहते. शिवणवर्ग हे घरच्यांना चालणारे निमित्त असल्याने कधी ती येते, कधी तेवढेही साधत नाही. या कोड्याचे उत्तर मुंबईत नव्हे, ठाणे जिल्ह्यातील त्या वेळच्या बोर्डी गावी सापडले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेथे व पुढे कोसबाडला केलेल्या कामात असे आढळले की, वाड्यापाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला, पण त्यामागील विचार हा केंद्राच्या भिंतींबद्दलचा होता.

संशोधक विद्यार्थ्यांसाठी येथे एक उपेक्षित साधन आहे. केंद्राची उपयुक्तता मोजताना उपस्थितांची संख्या सर्रास घेतली जाते. वस्तुतः हजेरीवहीतील रिकामे रकाने अधिक बोलके असतात : कोण केव्हा यावयाचे थांबले, त्यानंतर किती दिवसांनी कोणी चौकशीस गेले, आणि परत आले ते कोणत्या निमित्ताने. अशा जुन्या वह्या केंद्राकेंद्रांच्या कपाटांत असू शकतात. त्या रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या प्रबंधासाठी चाळल्या जावयास हव्यात.