टाचणीखालची चिठ्ठी

अजिंठ्याच्या कड्याला लोंबणारी आग्या मोहोळे पाहत जो लहानाचा मोठा झाला, त्याला कोणी सांगितले की जगातल्या बहुसंख्य मधमाश्या मोहोळ बांधत नाहीत, मध साठवत नाहीत, मातीत किंवा पोखरलेल्या काटकीत एकेकट्या संसार थाटतात, तर त्याचे कुतूहल चाळवल्यावाचून राहत नाही. त्यातच अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवरील एका वाळवंटी खोऱ्यात, अवघ्या 16 चौरस किलोमीटरांत, मधमाश्यांच्या 497 जाती सापडल्याचे ऐकले, आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पात, हा आकडा सांगणाऱ्या बाईंच्या टेबलाशी मी जाऊन बसलो.

माशी जाळीत धरणे, बाटलीत मारणे, वाळवणे हे लवकर उरकते. खरा वेळ जातो तो पुढे. पोटावर निळे पट्टे झळकणारी एक माशी बाईंनी चिमट्याने उचलली, छातीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे टाचणी उतरवली, म्हणजे डावी बाजू तरी अभ्यासाला अक्षत राहावी, आणि मग नखाएवढ्या चिठ्ठीवर मौजे, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, फूल आणि धरणाऱ्याचे नाव अशा बारीक अक्षरांत लिहिले की तलाठ्यानेही तोंडात बोट घालावे.

शेजारच्या जुन्या पेटीतल्या चिठ्ठीवर नुसते ‘औरंगाबाद’ होते. औरंगाबाद बिहारातही आहे, आणि इथले नाव तर 2023 साली बदलले! तरीही जुनी चिठ्ठी काढायची नाही, खुलाशाची नवी तिच्याखाली टोचायची, हा दंडक.

एवढ्या देखण्या जिवाला विषारी वाफ देणे मला रुचले नाही, आणि मी ते बोलूनही दाखवले.

“अहो, कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या ओळखू येतात,” बाई म्हणाल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांवरचा बिंगहॅमचा 1897 सालचा जाडजूड ग्रंथ उभा राहिला तो अशाच टाचलेल्या माश्यांवर, हे मला मान्य करावे लागले.

“त्या 497 जाती मिळाल्या, तशा आपल्या डोंगरांत किती निघतील?” मी विचारले.

“आधी चिठ्ठ्या तर होऊ द्या.”

चिठ्ठी हरवलेल्या माश्यांची पेटी त्यांनी निराळी ठेवली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना पाय आणि पंख दाखवण्यापुरती ती निघते.