आधी आवाज, मग अक्षर
बालवाडीतल्या मुलांना अक्षर दाखवायची घाई करू नका. पाटी बाजूलाच राहू दे. मगर, मका, मडकं असे शब्द सावकाश म्हणा आणि विचारा, "सुरुवातीला काय ऐकू आलं?" मध्येच 'कप' म्हणा, मुलं लगेच ओरडतात, "हा नाही!" 'मासा' मात्र पहिल्या दिवशी नको. मुलांना 'म' आणि 'मा' वेगळे ऐकू येतात.

खरी गंमत 'च'ची. चमचा आणि चहा, अक्षर एकच पण आवाज दोन! (आपण मोठी माणसं हे विसरूनच गेलेलो असतो.) मूल "हे वेगळं आहे" म्हणालं तर त्याला गप्प करू नका, त्याचा कान बरोबर आहे. तोंडी खेळात चमच्यासोबत चटई घ्या, चहासोबत चष्मा.