पडदापट्टी

नवी वस्तू घरी आणतानाच तिच्या उत्तरक्रियेचा खर्च दुकानदाराच्या हाती मोजून द्यावा, ही कल्पना आपल्याकडील गिऱ्हाइकास विचित्र, किंबहुना थोडीशी अशुभही वाटेल. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००३ साली तसा कायदा केला, आणि १ जानेवारी २००५ पासून तेथे संगणकाचा मॉनिटर, लॅपटॉप अथवा टीव्ही विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून, पडद्याच्या कर्णाची लांबी पाहून, सहा, आठ किंवा दहा डॉलरांची पट्टी वसूल होऊ लागली. सॅन होजे वा फ्रीमाँट येथे वस्ती करून राहिलेल्या आपल्या मंडळींना पावतीवरील ही निराळी रक्कम इतकी परिचयाची झाली असेल की, ती कशापायी, हे विचारण्याचेही त्यांना आता सुचत नसेल.

पट्टी पडद्यावरच का, आणि संगणकाच्या पेटीवर, कीबोर्डवर वा प्रिंटरवर का नाही, याचे उत्तर भंगाराच्या बाजारात सापडते. पेटीतील तांब्याला, अ‍ॅल्युमिनियमला आणि सर्किट बोर्डावरील सोन्याच्या सूक्ष्म मुलाम्याला गिऱ्हाईक असते. जुन्या मॉनिटरच्या काचेच्या नळीला ते मिळणे दुरापास्त होते. या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर आदळताना क्ष-किरण उत्पन्न होत, आणि ते पाहणाऱ्याच्या अंगापर्यंत पोहोचू नयेत म्हणून काचेतच शिसे मिसळलेले असे. घरातील माणसांचे रक्षण करणारे तेच शिसे, नळी फुटून उकिरड्यात पडली की, पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरण्याचे भय; म्हणून २००१ साली राज्याच्या अधिकाऱ्यांनी असे पडदे धोकादायक कचऱ्यात मोडतात हे स्पष्ट केले, आणि ते कचराभूमीत टाकण्याची वाट बंद झाली. वाट बंद करणे सोपे असते. परंतु त्यामुळे साठणाऱ्या ढिगांची विल्हेवाट लावण्याचा भार नगरपालिकांच्या माथी आला, आणि तो पेलण्यासाठीच ही पट्टी जन्मास आली.

तिचा कारभार मोठा मनोरंजक आहे. दुकानदाराने वसुलीच्या श्रमाबद्दल शेकडा ३ आपल्याकडे ठेवून बाकीची रक्कम सरकारजमा करावयाची. त्या खजिन्यातून, जुने पडदे गोळा करणाऱ्यांना आणि ते फोडून निरुपद्रवी करणाऱ्या कारखान्यांना वजनावर पैसे द्यावयाचे. आरंभी हा दर पौंडाला ४८ सेंट असा होता, आणि त्यांतील २० सेंट गोळा करणाऱ्याच्या वाट्याचे. आता हिशेब पाहा: तीस किलोंचा एक जुना टीव्ही संच मोडण्यास खजिन्यातून सुमारे ३२ डॉलर जात, आणि त्याच्या जागी आलेल्या वीस इंची चपट्या पडद्यावर जमा मात्र आठच डॉलर होत. पूर्वजांचे कर्ज नातवंडांनी फेडावे, त्यातलाच हा प्रकार. आणि ढीग कल्पनेपेक्षा मोठे निघाल्यावर २००९ साली पट्टी वाढवून ८, १६ आणि २५ डॉलर करावी लागली. पुढे जड नळ्यांचा ओघ आटत गेला, तसतशी ती उतरत २०१३ साली ३, ४ आणि ५ डॉलरांवर आली.

वजनावर पैसा मिळतो म्हटल्यावर वजन कोठून आणावयाचे, याची युक्तीही माणसे शोधणारच. हा पैसा केवळ कॅलिफोर्नियातील रहिवाशांच्या कचऱ्यापुरता होता, तरी अ‍ॅरिझोनासारख्या शेजारच्या राज्यांतील जुने पडदे ट्रक भरभरून आणून ते इथलेच असल्याची बतावणी होऊ लागली. मग देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख नोंदविणारी दप्तरे, त्यांची तपासणी, आणि बेहिशेबी मागण्या नामंजूर करण्याचे हुकूम, असा सगळा सरंजाम ओघाने आला. या लबाडीमुळे योजनाच वाईट ठरत नाही, असे मला वाटते. ज्या खजिन्यात काही असते, त्यालाच पहारा लागतो. खरी अडचण निराळीच निघाली. जुनी काच वितळवून नव्या नळ्या करणारे कारखानेच बंद पडत गेले, आणि पैसा हाती असूनही शिशाची काच कोठे न्यावी, हा पेच उरला.

जपानने या बाबतीत आगाऊ आणि मागाहून वसुलीच्या दोन्ही रीती चालविल्या. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांची रक्कम २००१ पासून अमलात असलेल्या कायद्याने वस्तू टाकून देताना घेतली जाते. घरगुती संगणकाची मात्र ऑक्टोबर २००३ पासून किमतीतच मिळवलेली असते, आणि तशी खूण असलेला संगणक टपालाने विनामूल्य परत पाठविता येतो. टाकून देताना पैसे मागणे म्हणजे रात्रीच्या अंधारात ओढ्याकाठी वस्तू ढकलून येण्यास निमंत्रण देणे होय; म्हणून मला आगाऊ वसुलीच अधिक शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. येथे भंगारवाला दारी येतो, आणि पैसे तो आपल्याला देतो. त्याचे मोल त्याला परवडते, कारण दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तारा उघड्यावर जाळून तांबे काढणाऱ्याच्या आणि आम्लात बोर्ड बुडविणाऱ्याच्या छातीतल्या धुराची किंमत त्या व्यवहारात कोणीच धरलेली नसते. १ मे २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी, आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी, ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे: नव्या नियमांनुसार, ई-कचरा रीतसर मोडणाऱ्या नोंदणीकृत कारखान्यांकडून त्यांनी तशी प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, म्हणजे कारखान्यांना रीतसर काम करणे परवडेल. गिऱ्हाइकाच्या पावतीवर यांतले काहीच दिसत नाही. या व्यवहारात कारखान्यांस किलोमागे किमान २२ रुपये मिळावेत, असा आधार सरकारने घरगुती विद्युत्-उपकरणांसाठी ठरविला, तेव्हा हा भार अवाजवी असल्याची तक्रार घेऊन काही बड्या कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या.