पणजीची पैठणी खरंच किती जुनी?

मागच्या उन्हाळ्यात आई इकडे क्लीव्हलंडला आली, तेव्हा तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी जुन्या पंचात गुंडाळलेली एक पैठणी होती. जांभळ्या रंगाची, काठाला जर, पदरावर मोर. "ही माझ्या आजीची. १९३१ साली तिच्या लग्नातली. आता तू सांभाळ," आई म्हणाली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण मी पॉलिमरवर संशोधन करते, आणि घरात भिंग, प्रयोगशाळेत वर्णपटमापी असताना हात स्वस्थ बसत नाहीत. "बघ बाई, तुझं विज्ञान काय म्हणतंय ते," असं म्हणून आईनेच परवानगी दिली.

तुमच्याही कपाटात असं काहीतरी असेल. आजीचं नऊवारी, आजोबांचा कोट, नाहीतर इकडच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये 'व्हिंटेज' म्हणून महाग घेतलेला ड्रेस. त्याचं वय कसं काढायचं, ते बघू.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. कपड्यावरचा कुठलाही पुरावा सहसा 'हा अमुक सालचा आहे' असं सांगत नाही. तो सांगतो, 'हा अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही'. म्हणजे कपड्यातली सगळ्यात जुनी गोष्ट शोधून उपयोग नाही, सगळ्यात नवी शोधायची. आणि ती नवी गोष्ट मुळातली आहे की नंतर कोणी जोडलेली, हे तपासायचं. बटण बदलता येतं, चेन बदलता येते, साडीला फॉल कधीही लावता येतो. विणीत गेलेला धागा मात्र नंतर घालता येत नाही.

अमेरिकेतल्या कपड्यांचं काम त्या मानाने सोपं, कारण इथे कायद्यानेच कपड्यांना बोलतं केलं आहे. माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी एका दुकानातून लोकरीचा कोट घेतला होता. त्यावर चिठ्ठी होती, '१९४०चं दशक'. आतलं लेबल वाचायची अक्कल मला पुढे दोन वर्षांनी आली. लेबलवर कोट धुवायचा कसा याच्या सूचना शिवलेल्या होत्या. इथल्या व्यापार आयोगाच्या नियमामुळे कपड्यांना अशा सूचनांचं कायमचं लेबल लावणं जुलै १९७२पासून सक्तीचं झालं. शेजारी बायकांच्या कपड्यांच्या कामगार संघटनेचं, म्हणजे इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनचं लेबल होतं, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात. हे तिरंगी रूप १९७४पासूनचं, आणि ती संघटना १९९५मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. म्हणजे माझा कोट १९७४ ते १९९५ यांमधला. चिठ्ठी लिहिणाऱ्याने खांद्यांची ठेवण बघून १९४०चं दशक ठरवलं असणार. फॅशन फिरून फिरून येते, त्यामुळे नुसत्या आकारावर विसंबणं हा सगळ्यात कच्चा पुरावा.

लेबलवर आणखी काय शोधाल? कुठला धागा किती टक्के, हे लिहिलेलं असेल तर कपडा बहुधा १९६०नंतरचा, कारण तो कायदा मार्च १९६०मध्ये लागू झाला. लोकरीसाठी मात्र असा नियम १९४१पासूनच होता, तेव्हा लोकरीच्या कोटावर या पुराव्याने फसू नका. 'आरएन' आणि पुढे आकडा असेल, तर तो कंपनीचा नोंदणी क्रमांक. सध्याची मालिका १९५९मध्ये १३६७० या आकड्यापासून सुरू झाली. पण हा क्रमांक कंपनीला एकदाच मिळतो आणि ती पुढे तीस वर्षं तोच छापू शकते. म्हणून तो कंपनीच्या नोंदणीचं साल सुचवतो, कपड्याचं नाही. इंटरनेटवर लोक सर्रास ही गल्लत करतात. पत्त्यात झिप कोड असेल तर १९६३नंतरचं, वुलमार्कचं चिन्ह असेल तर १९६४नंतरचं. इंग्लंडमधल्या वाचकांना कधी दोन कापलेल्या चकत्यांसारखे 'सी' आणि पुढे ४१ असा शिक्का दिसला, तर तो युद्धकाळातल्या नियंत्रित कपड्यांचा, १९४१ ते १९५२ मधला.

साडीला लेबल नसतं. पण साडीबरोबर बऱ्याचदा खोका, पावती किंवा किमतीची चिठ्ठी राहिलेली असते, ती फेकू नका. किंमत रुपये-आण्यांत असेल तर एप्रिल १९५७च्या आधीची, निदान जुन्या सवयीच्या दुकानदाराची. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ऑगस्ट १९७२नंतरची. अर्थात खोका साडीचाच असेल असं नाही. आमच्या घरी तर दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यात साड्या असायच्या.

आमच्या पैठणीबरोबर खोका नव्हताच. पंचा होता, आणि त्याने मला पहिल्यांदा चकवलं. अंधाऱ्या खोलीत मी अतिनील टॉर्च टाकला तर पंचा निळा-पांढरा झगझगला. धुण्याच्या पावडरीत कपडा शुभ्र दिसावा म्हणून जी रसायनं घालतात, ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. ही रसायनं बाजारात आली १९४०च्या दशकात, घराघरांत पोचली त्यानंतर. म्हणून जुने कपडे जमवणारे टॉर्च घेऊन फिरतात आणि चमकलं की 'नवीन' म्हणून बाजूला ठेवतात. पण शंभर वर्षांचं सुती कापड परवा पावडरीत धुतलं तरी तेही चमकेल. चमक सांगते ती शेवटच्या धुण्याची गोष्ट. पैठणी स्वतः अंधारीच राहिली, आणि रेशीम कोणी पावडरीत धूत नाही, त्यामुळे त्यातूनही काही सिद्ध झालं नाही. (हा टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नका, विशेषतः मुलांच्या हातात देऊ नका.)

रंगाचंही तेच. कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किनने १८५६मध्येच शोधला होता, वयाच्या अठराव्या वर्षी. १८६९पर्यंत मंजिष्ठाचा लाल आणि १८९७पर्यंत निळीचा रंगही कारखान्यात तयार होऊ लागले. १९३१ची साडी कारखान्याच्या रंगाने रंगवलेली असली तर नवल नाही.

कार्बन-१४ने या प्रश्नाचं उत्तर खरं तर छान मिळालं असतं. अणुचाचण्यांमुळे १९६३-६४च्या सुमाराला उत्तर गोलार्धातल्या हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झालं होतं आणि नंतर हळूहळू उतरलं. तुतीची पानं, ती खाणारा किडा आणि त्याचं रेशीम, सगळ्यांत त्या त्या वर्षाच्या हवेची खूण राहते. तेव्हा रेशीम १९५५च्या आधीचं की नंतरचं, हे लगेच कळतं. पण नेमकं कुठलं साल, हे १९५०च्या आधीच्या कपड्यासाठी सांगणं फार अवघड, कारण सुमारे १६५०पासूनच्या तीनशे वर्षांची मोजमापं एकमेकांत मिसळतात. शिवाय त्यासाठी साडीचा तुकडा जाळावा लागतो. तो उपाय मी शेवटी ठेवला होता.

मग राहिली जर. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा. स्वस्त जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते. भिंगाखाली काठ जिथे झिजला होता तिथे मला लालसर झाक दिसली, आणि एका घडीवर हिरवट डाग. तांबं. प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राखाली काठ धरला तर तांब्याचा उंच सुळका आला, चांदीची नुसती चाहूल. यात साडीला काही इजा होत नाही. पण तांब्याच्या जरीने वयाचा निकाल लागत नाही. खोटी जर १९३१मध्येही होती, आणि पणजीच्या वडिलांची परिस्थिती काही फार बरी नव्हती.

निकाल लावला तो जरीच्या आतल्या धाग्याने. काठावरून सुटून पंचात पडलेला तीन मिलिमीटरचा तुकडा मी चिमट्याने उचलला, तार उलगडली आणि आतल्या तंतूचा इन्फ्रारेड वर्णपट घेतला. रेशमाची ओळख पटवणारे सुळके साधारण १६३० आणि १५१५च्या आसपास येतात. सुताला तिथे काही ठळक नसतं. माझ्यासमोर १७१५ला एक टोकदार सुळका उभा होता. हा सुळका मी रोज बघते. पॉलिस्टर!

पॉलिस्टरचा हा धागा पहिल्यांदा तयार झाला १९४१मध्ये इंग्लंडात, आणि बाजारात आला १९५०च्या दशकात. आपल्याकडे टेरिलिन, टेरिकॉट यायला आणखी वेळ गेला. आणि ही जर काही नंतर शिवलेली नव्हती, ती काठाच्या विणीतच होती. तरी मी आणखी दोन सुटलेले तुकडे तपासले, पदराजवळचे. तेच उत्तर. पणजी १९३१मध्ये ही साडी नेसणं शक्यच नव्हतं.

आईला सांगायला मी चार दिवस लावले. आधी आकडे पुन्हा तपासले, मग उगाच स्वयंपाकघर आवरलं. शेवटी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग ही कुणाची?" आणि नाशिकला मोठ्या मावशीला फोन लावला. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला मुळीच धक्का बसला नाही.

"अगं, ती जुनी कधीच गेली. आईने जरवाल्याला दिली, दादाच्या कॉलेजच्या फीसाठी. तो तराजू घेऊनच यायचा. साडी जाळून चांदी काढायची. ही तिने नंतर येवल्याहून आणली, रंग तोच बघून. तू लहान होतीस. तुला कोण सांगणार?"

म्हणजे खरी जर होती तीच साडी जळाली, आणि खोट्या जरीची होती म्हणूनच ही उरली. जुन्या चांदीच्या जरीच्या साड्या आज इतक्या कमी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. बोहारणीकडे गेलेली साडी निदान कोणाच्या तरी अंगावर राहायची.

तुमच्याकडची साडी तपासायची असेल तर धागा जाळून वास घेऊ नका. आपल्याकडे सगळे तेच सुचवतात, पण गेलेला धागा परत येत नाही. सुटून पडलेले तुकडे जपून ठेवा. साडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आम्लविरहित कागदात गुंडाळा, दर काही महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी फोन करा. मी वर्णपट काढत बसले, मावशीला सगळं ठाऊक होतं.

आईने पैठणी परत नेली नाही. एका कार्डावर तिने स्वतःच्या हाताने '१९३१, आजी' लिहून आणलं होतं. ते तिने खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'ही आईने घेतलेली', आणि मला विचारलं, "साल काय लिहू?" मी म्हटलं, "१९६०नंतर." तिने तसंच लिहिलं.