सुधारणा मोजायची कशी?

औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतींऐवजी शेती! पण अशा वसाहतीतून सुटलेले लोक पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले, तर श्रेय वसाहतीचे का? तिथे मुळात चांगल्या वर्तणुकीचेच कैदी पाठवतात. हुशार मुले निवडून घेऊन निकाल मिरवणाऱ्या शिकवणीसारखेच हे.

नॉर्वेत खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. काही न्यायाधीश कडक, काही सौम्य. त्यामुळे सारख्याच आरोपींपैकी काही तुरुंगात जातात, काही बाहेर राहतात. तुलना रास्त होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुरुंगात गेलेल्यांचे पुढचे गुन्हे घटलेले आढळले, पण मुख्यतः आधी बेकार असलेल्यांचे. ते रोजगाराच्या प्रशिक्षणाकडे वळले होते. आधी नोकरी असलेल्यांचे गुन्हे काही घटले नाहीत. उलट रोजगार मात्र बुडाला.